राहतं घर सजवताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

रिकामा फ्लॅट सजवणं वेगळं आणि राहतं घर सजवणं वेगळं. राहत्या घरात सकाळी सहाला चहा व्हायचा असतो, देवापुढं दिवा लागायचा असतो, दहावीतल्या पोरीला अभ्यासाला कोपरा हवा असतो, आणि त्यातच पेंटर शिडी घेऊन दारात उभा असतो. लग्न होऊन जुन्या घरात आलेल्या मुली, आईवडिलांजवळ राहायला परत आलेली मंडळी, बदली होऊन बेळगावात आलेले आणि शहापूर, अनगोळ, खासबागकडं जुनं घर भाड्यानं घेतलेले लोक, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

आमचं घर वडगावातलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर कौलं. सासऱ्यांच्या काळात सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, हातमाग होता. मी या घरात आल्यापासून तीनदा घराला हात लावला. पहिल्यांदा पार चुकलो, दुसऱ्यांदा निम्मं जमलं, तिसऱ्यांदा जमलं. जे जमलं ते क्रमानं सांगते. क्रम सोडू नका. आमची पहिली चूक क्रमाचीच होती: पडदे आधी घेतले, भिंत नंतर बघितली.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं बघा

एक वही घ्या आणि आठ दिवस काहीही न हलवता घर बघा. चपला खरंच कुठं काढल्या जातात? दप्तर कुठं पडतं? गाडीची किल्ली, चष्मा, आज्जीच्या गोळ्या, पेपर, मोबाईलचा चार्जर, यातलं कुठं काय साठतं ते लिहून ठेवा. आमच्याकडं चपलांचा स्टँड दाराच्या डावीकडं होता आणि चपला कायम उजवीकडं पडलेल्या. सहा वर्षं मी पोरांना ओरडत होते. वहीत लिहिल्यावर कळलं की डावीकडं वाकलं की सायकलचं हँडल डोक्याला लागतं. स्टँड उजवीकडं नेला आणि ओरडणं थांबलं.

माणसांच्या जागाही लिहा. सासूबाई तांदूळ निवडायला कुठं बसतात आणि किती वाजता? आमच्या सासूबाई माजघराच्या दाराशी, उंबऱ्याला पाठ टेकून बसतात, कारण दहाच्या सुमाराला तिथं मागच्या परड्याकडून, म्हणजे परसातून, उजेड येतो. तिथं कपाट ठेवायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. ठेवलं असतं तर त्यांच्या हातचं काम आणि बसायची जागा दोन्ही गेलं असतं, आणि त्या एका शब्दानं बोलल्या नसत्या. घरातली वडीलधारी माणसं अशा वेळी बोलत नाहीत, म्हणून आपणच बघायचं.

दुसरी पायरी: ओल शोधा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे आणि तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बेळगाव जिल्हा एकच असला तरी हवा एक नाही. खानापूरपलीकडं जांबोटी-कणकुंबीला पाऊस कोसळतो, तर पूर्वेला अथणीकडं लोक आभाळाकडं बघत असतात. अथणी, गोकाककडच्या घरांना ऊन आणि धूळ सांभाळायची असते. बेळगाव शहर आणि खानापूरकडच्या घरांना जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल. पुढचं मुख्यतः पावसाकडच्या घरांसाठी आहे.

आमची चूक सांगते. पूर्वी आमच्या भिंतींना चुना असायचा. एका वर्षी श्रावणात, गणपतीच्या आधी, एका कंत्राटदाराकडून चुना खरवडून पुट्टी आणि वर चकचकीत प्लॅस्टिक पेंट मारून घेतला. चतुर्थीला घर झगझगीत दिसत होतं. पुढच्या श्रावणात मखराच्या मागच्या भिंतीला तळहाताएवढे फुगे आले. बोटानं दाबलं तर आतून पाणी आलं आणि रंगाचा पोपडा पुट्टीसकट हातात. दोष रंगाचा नव्हता. दगडमातीची, चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर प्लॅस्टिकचा थर किंवा सिमेंटचा गिलावा चढवला की आत आलेली ओल बाहेर पडायची वाट बंद होते.

म्हणून आधी ओल कुठून येते ते शोधा. वरून खाली तपकिरी ओघळ आला असेल तर कौल सरकलंय किंवा फुटलंय. कौलं शाकारून घ्यायची ती वळवाच्या आधी. न्हाणीच्या भिंतीला उन्हाळ्यातही ओल दिसत असेल तर पाइप गळतोय. जमिनीपासून वर दोन-तीन फुटांपर्यंत डाग, आणि त्यावर पांढरी मिठासारखी पूड, म्हणजे लोणा. ती ओल जमिनीतून चढते. बाहेर जाऊन बघा: वर्षानुवर्षं डांबराचे थर चढून रस्ता जोत्याच्या वर आलेला असतो, भिंतीला लागून माती साठलेली असते, नाहीतर कुंड्यांची रांग असते आणि रोजचं पाणी भिंतीच्या पायात मुरतं. आम्ही भिंतीलगतची माती वीतभर खाली काढली, जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार दिला, पागोळीखाली पत्र्याची पन्हळ लावली आणि कुंड्या चार फूट लांब नेल्या. एवढ्यानं निम्मी ओल गेली, आणि हे काम रंगापेक्षा कितीतरी स्वस्त.

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या हवेतून, हे कळत नसेल तर फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून चिकटवा. दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीत वारा खेळत नाही, खिडकी उघडत चला, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा.

लोणा ओल्या फडक्यानं पुसू नका. मीठ पाण्यात विरघळून परत आत जातं. कोरड्या ब्रशनं झाडा, खाली कागद धरा, पूड बाहेर टाका. आणि ओल जिथपर्यंत चढली आहे तिथं पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारून शेजारी तारीख लिहा. ही रेघ पुढं उपयोगी पडते.

तिसरी पायरी: वस्तू कमी करा, पण विचारून

इथं फार सांगत नाही. दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता काढायची नाही, एवढा एकच नियम पाळा. नक्की ठरत नसेल ते पेटीत घाला, पेटीवर खडूनं महिना लिहा, सहा महिने कुणी मागितलं नाही तर पुन्हा विचारा. घरातल्या प्रत्येकाला एक फळी किंवा एक कोनाडा पूर्ण त्याचा द्या. तिथल्या पसाऱ्याला कुणी नावं ठेवायची नाहीत.

चौथी पायरी: रंग

वेळ आधी ठरवा. आपल्याकडं सगळे गणपतीच्या तोंडावर रंग काढतात, आणि तेव्हाच भिंती सगळ्यात ओल्या असतात. होळी झाली की सुरू करा आणि मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी, संपवा. ते हुकलं तर पाऊस पूर्ण ओसरून भिंत वाळल्यावर, दिवाळीनंतर. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस पेंटर मिळतही नाहीत आणि मिळाले तर घाई करतात. नवा सिमेंटचा गिलावा केला असेल तर त्याला महिनाभर तरी वाळू द्या.

मातीच्या, चुन्याच्या जुन्या भिंतीला मी पुन्हा चुन्याकडं वळले आणि मला त्याचं समाधान आहे. चुन्याची कळी, म्हणजे न भिजवलेला चुना, आणून प्लॅस्टिकच्या नव्हे, लोखंडी डब्यात भिजवायची. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलटं करू नका. कळी उकळते आणि उडते, म्हणून डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, आणि पोरं दुसऱ्या खोलीत. रात्रभर मुरू द्या, फडक्यातून गाळा, दुधाएवढं पातळ करा. थोडं मीठ किंवा डिंकाचं पाणी घातलं की पूड हाताला कमी लागते. भिंत आधी पाण्यानं शिंपडून घ्या आणि तीन पातळ हात मारा. पहिला हात मारल्यावर काहीच दिसत नाही, भिंत नुसती ओली वाटते आणि माणूस घाबरून जाड हात देतो. तसं करू नका. वाळता वाळता पांढरा रंग उमलतो. पांढरं नको असेल तर पिवडी (पिवळी माती) किंवा काव (तांबडी माती) मिसळा. आमच्या माजघराला पिवडीचा फिकट रंग आहे, संध्याकाळी दिव्यात तो तुपासारखा दिसतो. एक ध्यानात ठेवा: आधी प्लॅस्टिक पेंट असेल तर तो पूर्ण खरवडल्याशिवाय चुना धरत नाही.

विटा-सिमेंटच्या भिंतींना इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळून मारायचा प्लॅस्टिक पेंट, चांगलं. किती लागेल ते दुकानात जायच्या आधी घरी काढा. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट: चारी भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले दहा म्हणजे ४४० चौरस फूट. दार-खिडकीचे चाळीसेक वजा करा, ४०० उरले. दोन हातांना एका लिटरमध्ये साधारण ५० ते ६० चौरस फूट होतात, म्हणजे सात-आठ लिटर. रंगाची निवड छापील पट्टीवरून करू नका. लहान डबा आणा, दोन फूट लांब-रुंद तुकडा भिंतीवरच रंगवा आणि सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिव्यात बघा. कौलारू घरात उजेड कमी असतो, पट्टीवरचा हलका निळा आत करडा दिसतो.

काम वरून खाली करा: कोळिष्टकं, वासे, मग भिंती, मग दारं, शेवटी जमीन. एका वेळी एकच खोली. स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी, आणि त्या दोन दिवसांसाठी शेगडी परड्यात मांडायची तयारी आधीपासून ठेवा. देवघराच्या दिवशी देव पाटावर मांडून माजघरात न्यायचे, सासूबाईंना आदल्या दिवशी सांगून.

जुन्या दारं-खिडक्यांवरचा ऑइलपेंट घासताना जपा. पूर्वीच्या रंगांत शिसं भरपूर असायचं. आता घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, आहे, पण तुमच्या दारावरचा थर आजोबांच्या काळचा असू शकतो. कोरडा घासू नका, पाणी लावून घासा, तोंडाला मास्क बांधा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडं पाठवा. आत सागवान निघालं तर परत रंग देऊ नका. जवसाचं तेल, ज्याला अळशीचं तेलही म्हणतात, फडक्यानं पातळ चोळलं की लाकूड जिवंत दिसतं. ती तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

पेंटर, गवंडी बरेचदा कन्नड बोलणारे असतात. भिंतीला गोडी, रंगाला बण्ण, आणि घाई होतेय असं वाटलं तर "स्वल्प निधान माडरी", म्हणजे जरा सावकाश करा. चहा देऊन हे एवढं त्यांच्या भाषेत बोललं तर काम मनापासून होतं, हा माझा अनुभव आहे.

पाचवी पायरी: मांडणी

जाण्यायेण्याची वाट अडीच-तीन फूट मोकळी ठेवा, विशेषतः रात्री म्हातारी माणसं न्हाणीकडं जातात ती वाट. तिथं पायपुसणं सरकणारं नको आणि कडेला टोकाचं टेबल नको. मग घरात जे आधीच आहे त्याला काम देता येतं का बघा.

आमच्या सोप्यात माग काढल्यावर खड्डा राहिला होता. खड्ड्याच्या मागात विणकर काठावर बसतो आणि पाय खाली सोडून पावड्या दाबतो. लांबीला तीन फूट, रुंदीला दोन, मांडीभर खोल, आतून दगडानं बांधलेला. तिसऱ्या वेळी मी तो बुजवून वर टाइल्स घालायचं ठरवलं. गवंडी दुसऱ्या दिवशी येणार होता. रात्री सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बुजवू नको गं. तिथं त्यांचे पाय असायचे."

गवंड्याला परत पाठवलं. काठावर बसून बघितलं तर पाय खाली सोडल्यावर पाठ आपसूक सरळ राहते. मग सुताराकडून खड्ड्यावर येईल असं सागवानी झाकण करून घेतलं, दोन भागांचं. अर्धा भाग मागं सरकवला की पाय सोडायला जागा होते आणि उरलेल्या भागावर बुटकं मेज बसतं. लेकीनं दहावीचा अभ्यास तिथं बसून केला. तिला वेगळी खोली देता आली नव्हती, पण सोप्यात आल्यागेल्याच्या गडबडीतही ती जागा तिची होती. पावसाळ्यात खड्ड्यात गारवा येतो, तेव्हा आत काही ठेवत नाही. दिवाळीनंतर आत वाकळी ठेवतो. माझ्या घरातली सगळ्यात देखणी गोष्ट तीच आहे, आणि तिच्यासाठी लागलं ते फक्त एक झाकण.

तुमच्या घरात खड्डा नसेल, पण कोनाडे असतील, दिवळी असेल, वापरात नसलेला माळा असेल, भिंतीतल्या खुंट्या असतील. ते बुजवायच्या आधी तिथं बसून, हात लावून बघा.

सहावी पायरी: कापड

पडदे, उशा, बैठक यांसाठी आपल्या भागात इतकं कापड आहे की बाहेरून काही आणायची गरज नाही. खडेबाजारात आणि गणपत गल्लीत एक संध्याकाळ फिरा. गुळेदगुड्डचा खण तोरणाला, उशीच्या अभ्र्याला, देवघराच्या मागच्या पडद्याला फार शोभतो. त्याचा पन्हा लहान असतो, म्हणून माप घेऊन जा आणि शिवायच्या आधी एकदा वेगळा धुवा, रंग सुटतो का बघा. फाटलेल्या इलकल साडीचे काठ आणि पदर काढून साध्या सुती पडद्याला खाली लावता येतात. पश्चिमेच्या खिडकीला मात्र रेशीम लावू नका, दोन उन्हाळ्यांत विरतं. पडद्याचं कापड खिडकीच्या दीडपट ते दुप्पट रुंद घ्या, आणि दांडी चौकटीच्या चार-सहा इंच वर. खोलीही उंच दिसते.

बैठकीवर घरातली वाकळ पसरा. कन्नड शेजारणी तिला कौदी म्हणतात. आमच्या वाकळीत माझ्या आईचं निळं लुगडं, सासऱ्यांचं धोतर आणि मुलाची बालवाडीची चड्डी एका ओळीत आहे. पाहुणे तिच्यावर बसले की पहिल्यांदा तिच्याबद्दलच विचारतात.

सातवी पायरी: भिंतीवरचं आणि दिवे

फोटो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे मध्य जमिनीपासून पाचेक फुटांवर. पण जिथं सगळे खाली बसतात तिथं फूटभर खाली घ्या, नाहीतर बसलेल्याला फक्त काचेवरचा उजेड दिसतो. मातीच्या भिंतीत ड्रिल मारला तर भोक ढासळतं. जुन्या खुंट्या वापरा, किंवा भोकात लाकडाची पाचर ठोकून तिच्यात स्क्रू घ्या. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे छोटे तुकडे चिकटवा. मागून हवा फिरते आणि फोटोला बुरशी येत नाही. गेलेल्या माणसांचे फोटो कुठं लावायचे ते घरातल्या मोठ्यांना ठरवू द्या.

सोप्यात आणि माजघरात २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर बल्ब लावा, आकडा खोक्यावर छापलेला असतो. ६५०० चा पांढरा उजेड ओट्यावर आणि अभ्यासाला ठीक, पण जेवायला बसल्यावर त्यात सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात. छताला एकच मोठा दिवा लावण्यापेक्षा दोन-तीन लहान दिवे खाली, बसण्याच्या जागेजवळ लावा.

शोभेच्या वस्तू शेवटी आणि मोजक्या. गोकाकची रंगवलेली फळं एका पितळी ताटात, खानापूरकडचं मातीचं एखादं भांडं, चिंच-मिठानं घासलेली आज्जीची घागर. एका कोनाड्यात एकच वस्तू ठेवा, तिच्याभोवती रिकामी जागा राहू द्या.

पावसानंतर

पहिला मोठा पाऊस होऊन आठवडा झाला की बॅटरी घेऊन घरभर फिरा. बॅटरी भिंतीला टेकवून आडवी धरा, फुगा लगेच दिसतो. कपाटांच्या मागं, फोटोंच्या मागं, पन्हळीच्या खाली बघा. आणि पेन्सिलीची रेघ शोधा. ओल तिच्या वर गेली असेल तर बाहेरच्या उताराकडं परत जा. खाली राहिली असेल तर तिथं नवी रेघ मारा, शेजारी तारीख. आमच्या मखरामागच्या भिंतीवर आता चार रेघा आहेत. सगळ्यात वरची माझ्या कमरेला येते, यंदाची घोट्याच्या थोडी वर. चुन्याचा नवा हात देताना मी त्या झाकत नाही. पेंटर विचारतो, आणि मी सांगते की तेवढी पट्टी सोडा.